खाट आत जायला अकरा सेकंद

वर्गात तिला सगळे स्टॉपवॉच म्हणायचे. मॅनेजमेंटच्या कॉलेजात पहिल्याच सहामाहीत उत्पादन या विषयाचा प्रकल्प होता. बाकीच्यांनी मोठमोठ्या कारखान्यांची माहिती गोळा केली. ही मात्र तीन दिवस कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये घड्याळ घेऊन उभी राहिली आणि तिने सिद्ध करून दाखवलं की, रांग लांबते ती स्वयंपाक्यामुळे नव्हे, कूपनच्या खिडकीतला माणूस दर वेळी सुटे शोधत बसतो त्यामुळे. कूपनवाल्याने पुढे दोन वर्षं तिच्याकडे पाहून कधी ओळख दाखवली नाही, पण रांग निम्मी झाली. नाव पडलं ते पडलंच.

या गोष्टीला एकवीस वर्षं झाली. वर्गातल्या बासष्टांपैकी सत्तावन्न जण फोनवरच्या एका ग्रुपमध्ये अजून टिकून होते. त्या ग्रुपमध्ये कोणी सहज म्हणून काही लिहीत नसे. कोणाला बढती मिळाली, कोणी परदेशातली कचेरी उघडली, कोणाचं नाव चाळिशीच्या आतल्या चाळीस जणांच्या यादीत आलं (चाळिशी उलटल्यावर ती यादी पन्नाशीची झाली), अशा बातम्या यायच्या. मग टाळ्यांची चित्रं, अंगठे, आणि 'तुझ्याबद्दल खात्रीच होती' अशी वाक्यं. ज्यांच्याकडे सांगण्यासारखं काही नसे, ते दुसऱ्यांना अंगठे देत बसत.

या ग्रुपचा अनभिषिक्त राजा होता कप्तान. वर्गप्रतिनिधी झाला तेव्हापासूनचं त्याचं हे नाव. उंच, बोलायला गोड आणि कुठल्याही खोलीत शिरला की ती आपलीच समजणारा. वाईट नव्हता. फक्त त्याला प्रत्येक गोष्टीची बातमी व्हावी असं वाटायचं.

स्टॉपवॉच कॉलेजातून निघाली ती एका मोठ्या लिफ्ट कंपनीच्या देखभाल विभागात शिरली आणि तिथंच रुजली. लिफ्ट विकणाऱ्यांना सूट आणि गाडी मिळायची, लिफ्ट चालू ठेवणाऱ्यांना फोन. पण तिला ते काम आवडायचं. लिफ्ट का बंद पडली याचं उत्तर नेहमी असायचंच, शोधायची तयारी पाहिजे. चौदा वर्षांत ती विभागाची प्रमुख झाली. मग तिच्या डोक्यावर प्रादेशिक संचालक म्हणून बाहेरून एक माणूस आला आणि तो निघाला कप्तान. पहिल्या दिवशी त्याने तिला सगळ्यांसमोर मिठी मारली. दीड वर्षाने त्याने तिला काचेच्या खोलीत बोलावलं.

देखभालीचं काम बाहेरच्या कंत्राटदारांना द्यायचं ठरलं होतं. ती आणि तिच्या हाताखालचे, उस्ताद धरून, अकरा मेकॅनिक, सगळ्यांची पत्रं टेबलावर तयार होती.

"माझ्या हातात काही नव्हतं गं," कप्तान म्हणाला. "वरून आलंय."

"उस्तादांची नोकरी चोवीस वर्षांची आहे," ती म्हणाली.

"माहितीये. त्यांना चांगलं पत्र देऊ आपण."

बाहेर पडताना तिने सवयीने घड्याळ पाहिलं. सोळा वर्षं नऊ मिनिटांत आवरली होती. संध्याकाळी ग्रुपवर कप्तानाची बातमी आली, 'एका अवघड परिवर्तनाचं नेतृत्व करण्याची संधी मिळाली, कृतज्ञ आहे.' खाली एकेचाळीस अंगठे. तिने ते मोजले, फोन पालथा ठेवला आणि त्यानंतर तीन वर्षं त्या ग्रुपवर एक अक्षर लिहिलं नाही. ग्रुप सोडला मात्र नाही. सोडला असता तर तीही एक बातमी झाली असती.

पुढच्या आठवड्यात उस्ताद घरी आले. मागे दहा जण जिन्यात उभे. उस्ताद म्हणजे पंचावन्नच्या घरातला किरकोळ अंगाचा माणूस. शिक्षण आठवीपर्यंत, पण चालत्या लिफ्टच्या भिंतीला तळहात लावून सांगायचा की कितव्या मजल्यावर काय झिजलंय.

"ताई," ते म्हणाले, "आम्हाला लिफ्ट येते. तुम्हाला कागद येतात. मग आपण घरी कशाला बसायचं?"

तिचा नवरा शाळेत गणित शिकवायचा. त्याने चष्मा पुसला आणि म्हणाला, "बाहेरची खोली देऊ. माझे वह्यांचे गठ्ठे मी आत घेतो."

अशी कंपनी सुरू झाली. भागीदार बारा, खुर्च्या चार. प्रश्न होता फोनचा. लिफ्टमध्ये माणूस अडकला की तो पहिल्यांदा फोन करतो, आणि तो घेणारा माणूस घाबरट असेल तर दोघंही घाबरतात. नोकरीला माणूस ठेवायची ऐपत नव्हती. तेव्हा आतल्या खोलीतून सासूबाई बाहेर आल्या.

सासूबाईंनी उभी हयात टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून काढली होती. वय चौऱ्याहत्तर, गुडघे गेलेले, आवाज मात्र कालच्यासारखा. त्यांनी खुर्ची ओढली, वही घेतली आणि विचारलं, "किती मिनिटांत माणूस पोचतो तेवढं सांग. त्याच्या आधीचं मी बघते."

आणि त्यांनी बघितलं. "नमस्कार. कितवा मजला? आत किती जण? बाळ आहे का कोणी? बरं, दार हातानं ओढायचं नाही. आमचा माणूस निघालाय, बावीस मिनिटं लागतील. तोवर मी आहे फोनवर. तुमचं लग्न झालंय का?" अडकलेल्या लोकांना सुटका झाल्यावर सासूबाईंशी बोलणं तुटल्याचं वाईट वाटायचं. एका तरुणाचं लग्न त्यांनी अशाच एका अडकण्यातून जुळवलं असं उस्ताद सांगायचे. त्यात तथ्य किती ते त्यांनाच ठाऊक.

तीन वर्षांत त्रेचाळीस इमारती हाताशी आल्या. सगळ्या जुन्या, सगळ्या कटकटीच्या, मोठ्या कंपन्यांनी ओवाळून टाकलेल्या. घर चालत होतं, बारा घरं चालत होती. पण मोठं काम मिळत नव्हतं. निविदा भरायला गेलं की पहिला प्रश्न यायचा, तुमचं ऑफिस कुठं आहे?

मग एका मंगळवारी दुपारी ग्रुपवर एक बातमी आली. लिहिणारी होती डॉक्टर. ती मुळात खरीच डॉक्टर. वैद्यकीय शिकून मग मॅनेजमेंटला आली, म्हणून वर्गात एकटीच या नावाने ओळखली जायची. आता एका नऊ मजली रुग्णालयाची प्रशासक होती. त्याच सकाळी कोणीतरी आपल्या नव्या पदाची बातमी टाकली होती, अंगठे पडत होते, आणि त्यांच्या मधोमध डॉक्टरने लिहिलं,

'माझीही बातमी. आज मी आमच्याच रुग्णालयाच्या लिफ्टमध्ये चाळीस मिनिटं अडकले. सोबत खाटेवर एक आजोबा होते, शस्त्रक्रियेला निघालेले. ते मला धीर देत होते. या महिन्यातली ही चौदावी वेळ. करिअरमध्ये यापेक्षा उंच काही जमलेलं नाही, कारण लिफ्ट चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये होती.'

याला अंगठा द्यायचा की नाही, कोणाला कळेना. मग कप्तानाने लिहिलं, 'फार वाईट वाटलं. त्या लिफ्टची देखभाल आमच्याकडेच आहे. माझी टीम लगेच लक्ष घालेल.'

स्टॉपवॉच तेव्हा एका इमारतीच्या गच्चीवर, मशीन रूमच्या पायरीवर बसून डबा खात होती. तिने दोनदा वाचलं. बोटं पुसली. आणि तीन वर्षांत पहिल्यांदा लिहिलं,

'बंद पडायच्या आधी दार थरथरत होतं का?'

अर्ध्या मिनिटात फोन वाजला.

"तू जिवंत आहेस?" डॉक्टर म्हणाली. "आणि तुला कसं कळलं?"

"थरथरत होतं?"

"दातावर दात आपटावेत तसं. नेहमीच थरथरतं."

"मग यंत्र नाही बिघडलेलं. दारं बिघडलीत. चालू लिफ्टचं दार जरा जरी हललं तरी लिफ्टला वाटतं दार उघडलं, आणि ती जागच्या जागी थांबते. तिचं बरोबरच आहे."

डॉक्टर म्हणाली, "कप्तानाची कंपनी म्हणते, सगळ्या सहा लिफ्टची यंत्रणाच बदला. एकेक लिफ्ट तीन आठवडे बंद. सहा लिफ्ट, म्हणजे सव्वाचार महिने. मी रुग्ण काय पाठीवर नेऊ?"

"मला दोन दिवस खाली बसायची परवानगी दे."

"बसायची? कुठं?"

"लिफ्टसमोर. खुर्ची टाकून."

"परवानगी देते. काम देऊ शकत नाही," डॉक्टर स्पष्टच म्हणाली. "ठरवणार ती समिती. महिनाअखेरीस बैठक आहे. तू वर्गातली, म्हणून मी तुझ्या बाजूने एक शब्द बोलणार नाही. उलट दोन प्रश्न जास्त विचारीन."

"तसंच कर," स्टॉपवॉच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ती आणि उस्ताद तळमजल्यावर खुर्च्या टाकून बसले. रुग्णालयाच्या सहा लिफ्टपैकी तीन मोठ्या, खाटा नेण्याच्या. उस्तादांनी एकेका लिफ्टमधून वरखाली दोन फेऱ्या मारल्या, तळहात भिंतीला लावून. परत येऊन बसले आणि म्हणाले, "यंत्र ठणठणीत आहे, ताई. अजून वीस वर्षं जाईल. दारं मात्र कोणीतरी बडवून काढल्यासारखी आहेत. खालच्या पट्ट्या वाकल्यात, दार ज्यावर सरकतं ते रोलर खाल्लेत. पण बडवतंय कोण?"

ते कळायला फार वेळ लागला नाही. वॉर्डातल्या एक मावशी रिकामी खाट ढकलत आल्या. दार उघडलं. खाटेची पुढची चाकं उंबऱ्यावरच्या खाचेवरून आत गेली आणि तेवढ्यात दार बंद व्हायला लागलं. दार खाटेला आपटलं, मागे गेलं, पुन्हा आलं, पुन्हा आपटलं. मावशींनी न बघताच पाय मागे टाकून दार अडवलं, खाट आत घेतली आणि निघून गेल्या. सगळं इतकं सरावाचं, की त्यांच्या चेहऱ्यावरची माशीसुद्धा हलली नाही.

स्टॉपवॉचने खिशातून घड्याळ काढलं.

त्या दोन दिवसांत तिने दोनच गोष्टी मोजल्या. दार किती वेळ उघडं राहतं, आणि खाट आत जायला किती वेळ लागतो. दार पाच सेकंद उघडं राहत होतं. खाट, रुग्ण आणि सलाइनची काठी धरून, अकरा सेकंदांत आत जात होती. अडीचशेहून जास्त खाटा तिने मोजल्या. नऊ सेकंदांच्या आत एकही गेली नाही. म्हणजे प्रत्येक खाटेला दाराचा मार बसत होता आणि प्रत्येक दाराला खाटेचा. कोणी पाय घालायचं, कोणी ऑक्सिजनचं नळकांडं आडवं लावायचं, चौथ्या मजल्यावर तर दाराच्या खाचेत बसेल अशी लाकडाची पाचर घडवून दोरीने भिंतीला टांगून ठेवली होती.

"ही कोणी केली?" तिने मावशींना विचारलं.

"आम्हीच. काय करणार? दार थांबतं कुठं? आधी थांबायचं. दोन वर्षं झाली, तेव्हापासून घाईत असतं."

दोन वर्षं. स्टॉपवॉचच्या डोक्यात काहीतरी चमकलं. घरी येऊन तिने फोनवर ग्रुपच्या जुन्या बातम्या मागे मागे नेल्या, आणि सापडलं. दोन वर्षांपूर्वीच्या वसंतातली कप्तानाची बातमी, 'आमच्या सर्व लिफ्टमध्ये सरासरी प्रतीक्षेचा वेळ अठरा टक्क्यांनी कमी केला. एका साध्या कल्पनेची ताकद.' खाली त्रेपन्न अंगठे. साधी कल्पना काय असणार, ते आता तिच्यासमोर होतं. दार लवकर बंद केलं की लिफ्ट लवकर सुटते. कचेऱ्यांच्या इमारतीत छानच. खाटा ढकलणाऱ्या रुग्णालयात मात्र कोणी विचारच केलेला नव्हता.

ती फोन हातात धरून स्वयंपाकघरात आली. तिला आनंद झाला होता, आणि त्या आनंदाचा रंग तिला स्वतःलाच फारसा आवडला नाही. भर बैठकीत ही बातमी मोठी करून पडद्यावर दाखवावी, अंगठ्यांसकट. काचेच्या खोलीतली नऊ मिनिटं व्याजासह परत.

सासूबाई टेबलापाशी शेंगा सोलत होत्या. तिने सगळं सांगितलं. नवऱ्यानेही वह्यांतून मान वर करून ऐकलं.

"दाखव की," नवरा म्हणाला. "खोटं थोडंच आहे?"

"खोटं नाही," सासूबाई म्हणाल्या. "पण तू तिथं लिफ्टचं बोलायला जातेस की त्याचं? त्याचं बोलशील तर लोक म्हणतील, हिचं जुनं काहीतरी दुखतंय. माणसाचं नाव घेऊ नकोस. आकडा सांग. आकड्याला माणूस चिकटलेला असेल तर तो आपला आपण दिसेल."

तिने ती बातमी बंद केली आणि फोन चार्जिंगला लावला.

बैठकीच्या दिवशी समितीच्या खोलीत सात जण होते. प्रमुख होते एक निवृत्त न्यायाधीश. पांढऱ्या भुवया, हातात पेन्सिल, आणि कोणी लांबण लावलं की पेन्सिल टेबलावर आडवी ठेवायची सवय. डॉक्टर एका कडेला बसली होती, चेहरा कोरा. कप्तान दोन सहकाऱ्यांना घेऊन आला होता. स्टॉपवॉचला पाहून तो उठला, हसला, हात पुढे केला. ते हसू अगदी कणभर तोकडं पडलं. तिच्यामागून उस्ताद आत आले, इस्त्रीच्या शर्टात, हातात कापडी पिशवी. कप्तान त्यांच्याकडे बघून नुसती मान हलवू शकला.

कप्तानाने पाऊण तास सांगितलं. चित्रं देखणी होती, आवाज तर होताच. नवी यंत्रणा, नवे संगणक, सव्वाचार महिन्यांचं वेळापत्रक. चाळिसाव्या मिनिटाला न्यायाधीशांनी पेन्सिल आडवी ठेवली.

मग स्टॉपवॉच उभी राहिली. तिच्याकडे एकच कागद होता. तिने तो वाटलाही नाही.

"मला खोलीत काही सांगायचं नाही," ती म्हणाली. "आपण पाच मिनिटं बाहेर लिफ्टपाशी येता का? आणि मला एक रिकामी खाट लागेल."

सातही जण उठले. बैठकीला कंटाळलेली माणसं बाहेर जायला मिळालं की खूश असतात. खाट आली. मावशीही आल्या, काय चाललंय ते बघायला.

"साहेब," ती न्यायाधीशांना म्हणाली, "ही खाट आपण आत न्या. फक्त दाराला हात-पाय लावायचा नाही. एवढीच अट."

न्यायाधीशांनी बाह्या सारख्या केल्या आणि खाट धरली. दार उघडलं. ते ढकलू लागले. पुढची चाकं खाचेत अडखळली, सरळ झाली, आत गेली, आणि दार आलं. खाटेला आपटलं. मागे गेलं. पुन्हा आलं. आणि आयुष्यभर कायदा पाळलेल्या त्या माणसाने अट विसरून पाय मध्ये घातला.

मावशी हसल्या. पदर तोंडाला लावून, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा.

"रोज असंच होतं, साहेब," त्या म्हणाल्या.

"दार पाच सेकंद थांबतं," स्टॉपवॉच म्हणाली. "खाटेला अकरा लागतात. दिवसाला सव्वाशे खाटा या तीन लिफ्टमधून जातात. त्यातल्या प्रत्येकीने दार असं बडवलं जातं. दोन वर्षांत दाराचं काय होतं ते उस्ताद दाखवतील."

उस्तादांनी पिशवीतून दोन रोलर काढले. एक नवा, गोल गरगरीत. दुसरा परवानगी घेऊन चौथ्या मजल्यावरच्या दारातून काढलेला, एका बाजूने पेरूला दात लावावा तसा खाल्लेला. न्यायाधीशांनी दोन्ही हातांत घेऊन चाचपले.

"हा खाल्लेला असला की दार थरथरतं," उस्ताद म्हणाले. "दार थरथरलं की लिफ्ट थांबते. यंत्राचा दोष नाही. यंत्र बदललं तरी खाटा याच, दारं हीच. महिन्याभरात नवं यंत्रपण थांबायला लागेल."

"तुमचा उपाय?" डॉक्टरने विचारलं. आवाज कोरडा, परका.

"खाटांच्या तीन लिफ्टचा दाराचा वेळ पंधरा सेकंद. सगळी दारं सरळ करायची, रोलर बदलायचे. एका वेळी एकच लिफ्ट बंद, तीही तीन दिवस. अठरा दिवसांत सहाही पूर्ण."

"आणि नाही झालं तर?" डॉक्टरनेच पुढचा प्रश्न टाकला. शब्द दिल्याप्रमाणे दोन प्रश्न जास्त.

"तर देखभालीचा पहिल्या वर्षाचा मोबदला घेणार नाही. लिहून देते."

न्यायाधीश कप्तानाकडे वळले. "यांचं म्हणणं चूक आहे का?"

सगळे त्याच्याकडे बघत होते. बोलून वेळ मारून नेणं त्याला अवघड नव्हतं. स्टॉपवॉचला त्याचा चेहरा एकवीस वर्षांपासून पाठ होता. तो शब्द शोधतोय हे तिला दिसत होतं, आणि मग तो शोधायचा थांबला हेही दिसलं.

"नाही," तो म्हणाला. "बरोबर आहे."

"दाराचा हा वेळ बदलायला किती काळ लागतो?"

"एका लिफ्टला दहा मिनिटं."

"मग पाच सेकंद ठरवले कोणी?"

लिफ्ट वर निघून गेली होती. तिचा दूरवरचा आवाज तेवढा येत होता.

"मी," कप्तान म्हणाला. "सगळीकडे एकच वेळ ठेवला. इथं खाटा असतात हे माझ्या ध्यानात आलं नाही."

न्यायाधीशांनी खाल्लेला रोलर उस्तादांना परत दिला, नवा मात्र जाताना चुकून हातातच राहिला. निर्णय संध्याकाळी साडेपाचला कळला. सातपैकी सात मतं.

डॉक्टरने स्वतः फोन केला. आधी तिने औपचारिक मजकूर वाचून दाखवला, पत्राचा क्रमांक, तारीख, सगळं. मग म्हणाली, "आता मी वर्गातली म्हणून बोलू का?"

"बोल."

"मी बाथरूममध्ये जाऊन नाचले."

काम अठराव्या नव्हे, सतराव्या दिवशी संपलं. उस्तादांच्या माणसांनी एकेका दाराला बाळाला न्हाऊ घालावं तसं सांभाळून सरळ केलं. चौथ्या मजल्यावरची पाचर मावशींनी स्वतःच्या हाताने भिंतीवरून काढली. आधीच्या महिन्यात लिफ्ट चौदा वेळा बंद पडली होती. नंतरच्या महिन्यात एकदा पडली, तीही वीज गेली म्हणून. त्याच्या पुढच्या महिन्यात शून्य. डॉक्टरने तो शून्य कागदावर छापून आपल्या खोलीत लावला.

ग्रुपवर पहिल्यांदा लिहिलं ते कप्तानाने. स्टॉपवॉचला अपेक्षा नव्हती. ती उस्तादांच्या बरोबर नव्या साहित्याची यादी करत बसली होती आणि फोन थरथरायला लागला.

'माझी बातमी. दोन वर्षांपूर्वी मी इथं एका साध्या कल्पनेबद्दल लिहिलं होतं. रुग्णालयांच्या बाबतीत ती चुकीची होती. स्टॉपवॉचने दोन दिवस खुर्ची टाकून ती चूक शोधली. आज आमच्या चाळीस रुग्णालयांतले दाराचे वेळ आम्ही बदलले. तीन वर्षांपूर्वी मी तिला आणि तिच्या अकरा माणसांना घरी पाठवलं होतं. तो दिवसही मी इथं यश म्हणून सांगितला होता.'

या खाली अंगठा देणं कोणाला जमेना. मग कोणीतरी लिहिलं, 'माझीही बातमी, मला गेल्या वर्षी काढून टाकलं, आणि मी सल्लागार झालो असं सांगत होतो.' दुसऱ्याने लिहिलं की त्याचं दुकान बुडालं आणि आता तो बायकोच्या दुकानात एकाही कपाचा हिशेब न चुकवता चहा आणून देतो. तासाभरात ग्रुपवर जेवढं हसणं झालं, तेवढं एकवीस वर्षांत झालं नव्हतं. शेवटी सगळे विचारायला लागले, स्टॉपवॉच, तू काय करतेस ते तरी सांग.

तिने लिहिलं, 'लिफ्ट चालू ठेवते. बारा भागीदार आहेत. या आठवड्यात आणखी दोन रुग्णालयं मिळाली.'

मग अंगठे आले, आणि या वेळी तिने मोजले नाहीत.

कप्तानाचा फोन दोन दिवसांनी आला. माफी त्याने मागितली, सरळ, लांबण न लावता. मग म्हणाला, "आमच्या कंत्राटदारांच्या लोकांना दारं कोणी शिकवलेलीच नाहीत. उस्ताद शिकवतील का?"

"उस्ताद माझे नोकर नाहीत, भागीदार आहेत," ती म्हणाली. "त्यांनाच विचार."

उस्तादांनी फोन घेतला, ऐकून घेतलं आणि म्हणाले, "शिकवीन, साहेब. पण तुम्ही स्वतः पहिल्या बाकावर बसायचं." आणि कप्तान खरंच बसला. काळे हात करून घेऊन त्याने एक दार जुळवलंसुद्धा. वाकडं जुळवलं, उस्तादांनी त्याच्याकडून दोनदा उघडून घेतलं.

वर्ष संपायच्या आत बाहेरची खोली पुन्हा गणिताच्या वह्यांना मिळाली, कारण कंपनीला स्वतंत्र गाळा झाला, दोन मोठ्या खिडक्यांचा. भागीदार एकोणीस झाले. सासूबाईंच्या हाताखाली दोन मुली फोनवर बसू लागल्या. त्यांना सासूबाईंनी पहिल्या दिवशी एकच नियम सांगितला, की माणूस बाहेर पडेपर्यंत फोन आपण ठेवायचा नाही.

आणि मग कॉलेजकडून पत्र आलं. तिथल्या उत्पादन विषयाच्या वर्गात या कामावर एक तास घ्याल का, असं विचारलं होतं. स्टॉपवॉचने उलट कळवलं की, आम्ही दोघं येऊ, आणि तास उस्ताद घेतील.

उस्ताद आठवडाभर जेवले नाहीत धड. "ताई, आठवीचा माणूस तिथं काय बोलणार?"

"जे न्यायाधीशांसमोर बोललात ते."

पायऱ्यापायऱ्यांचा तोच मोठा वर्ग, तीच लाकडी बाकं. सत्तर मुलंमुली समोर, प्रत्येकासमोर लॅपटॉप. मागच्या ओळीत डॉक्टर आणि कप्तान येऊन बसले होते, न सांगता. उस्ताद फळ्यापाशी उभे राहिले. त्यांनी खिशातून खाल्लेला रोलर काढला आणि पहिल्या बाकावरच्या मुलीच्या हातात ठेवला.

"हे बघा आणि पुढं द्या," ते म्हणाले. "बघितल्याशिवाय लिहू नका."

रोलर बाकाबाकांवरून फिरू लागला. एकेक लॅपटॉप मिटला. उस्ताद बोलायला लागले, आधी हळू, मग जिन्यात उभे राहून जोडीदारांना सांगतात तसे मोकळे. दार कसं ऐकायचं, पट्टी कशी चाचपायची, मावशींना आधी का विचारायचं, मशीनला नंतर का. मुलं पुढे झुकून ऐकत होती. स्टॉपवॉच बाजूच्या भिंतीला टेकून उभी होती. तिच्या लक्षात आलं की, आपण किती वेळ झाला ते एकदाही पाहिलेलं नाही.

तासाच्या शेवटी प्रश्न विचारायला सात हात वर झाले. उस्तादांनी सातांकडेही नीट पाहिलं, चष्मा वर सरकवला आणि तिसऱ्या ओळीतल्या एका मुलाकडे बोट दाखवलं.

"तुम्ही विचारा," ते म्हणाले. "बाकीच्यांनी थांबायचं. आज आपल्याला घाई नाही."